कुंचीतला काळोख

मित्रांनो, मी खजूर आहे. वयाने जुना, उंचीने आगाऊ आणि जातीने नर, त्यामुळे माझ्याखाली तोंड उघडून उभं राहण्यात अर्थ नाही. एकही फळ पडायचं नाही. वसंत आला की माझ्या तुऱ्यातली पूड काढून माणसं माद्यांवर उधळतात, आणि शरद आला की घडांबद्दल कौतुक माद्यांचं होतं. मी कुणाकडे तक्रार केलेली नाही. वाऱ्याकडे केली असेल, पण वारा काही कुणाचं ऐकायला थांबत नाही.

आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्हाला वाटेल, म्हातारा वाढवून सांगतोय. मी वाढलोय खरा, पण वरच्या बाजूला. गोष्ट घडली तशीच आहे.

एल्चे गावाच्या पूर्वेला, पाण्याच्या पाटाला लागून, केलो आणि रेमेई या भावाबहिणीची बाग आहे. खाली डाळिंबं आणि गुरांसाठी लसूणघास, वर आम्ही. त्यांच्या आजोबांनी एकाच झाडाचे दोन फुटवे काढले, एक पाटाच्या अलीकडे लावला, एक पलीकडे. अलीकडचा मी, पलीकडचा माझा जुळा. दोघांना वेगळं ओळखणं आईलाही जमलं नसतं, फक्त एक खूण सोडून. मी कोवळा असताना पाटाचा पलीकडचा काठ ढासळला आणि सगळं पाणी तिकडेच जाऊ लागलं. तो दुरुस्त होईपर्यंत जुळा तुडुंब आणि मी उपाशी. त्या काळात माझं खोड बारीक भरलं, पुढे पाणी आलं तसं पुन्हा जाड झालं, आणि मला कंबर आली. खालून बघणाऱ्याला ती दिसत नाही. अनवाणी चढणाऱ्याच्या तळव्याला मात्र तिथे पाय किंचित आत गेल्याचं कळतं.

आणि केलो अनवाणीच चढायचा. कमरेभोवती आणि माझ्याभोवती गवताचा जाड दोर, हातात वाकडा कोयता, तळवे दगडासारखे. त्याच्या पायांची बढाई अख्ख्या गावाला पाठ होती.

"माझे डोळे बांधा," तो शेजारच्या बातिस्तला सांगायचा, "आणि बागेतल्या कुठल्याही झाडाला लावून सोडा. पायाला विचारून सांगतो कोण आहे ते."

"मग टोपी पायात घालत जा," बातिस्त म्हणायचा. "तुझं डोकं तिकडेच दिसतंय."

बातिस्त आमच्या कुंपणाच्या भिंतीवर बसून ऑलिव्ह खायचा आणि बिया लसूणघासात थुंकायचा. रेमेईने त्यावरून त्याला शिव्या दिल्या नाहीत असा आठवडा गेला नसेल.

आता आमच्या गावचा धंदा सांगतो, कारण त्याशिवाय माझं दुःख कळायचं नाही. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, देवळाच्या दारात माणसं हातात खजुराच्या झावळ्या घेऊन उभी राहतात. त्या हिरव्या चालत नाहीत. पांढऱ्या लागतात. मेणासारख्या, हाडासारख्या, मऊ आणि लांब. आणि झाडाला पांढरी झावळी येत नाही, ती आणवावी लागते. त्यासाठी आमच्यासारख्या नरांना बांधतात. वसंतात सगळ्या झावळ्या वर गोळा करून दोराने आवळतात, बाईने केस वर घेऊन अंबाडा बांधावा तशा. मग भर उन्हाळ्यात त्या अंबाड्यावर वाळलेल्या पात्यांची कुंची चढवतात, बाळाच्या डोक्याला घालतात तशी, फक्त तिला तोंडासाठी जागा नसते. आत गाभ्यातून नवी पानं येतच राहतात. पण ती येतात ती काळोखात.

संध्याकाळी बांधलेल्या झाडांच्या रांगेतून जाताना वाटसरू पावलं उचलून चालतात. उंच, काळ्या, टोपऱ्याने चेहरा झाकलेल्या आकृत्या, सगळ्यांची तोंडं कुठे आहेत ते ठाऊक नाही, आणि सगळ्या तुमच्याकडेच बघतायत असं वाटतं. वाटतं ते काही अगदी खोटं नाही.

मला पहिल्यांदा बांधलं तेव्हा मी तरणा होतो आणि घाबरलो नाही. कुंची घट्ट बसली, वरून केलो म्हणाला, "झोप आता," आणि उजेड गेला.

मित्रांनो, पान हिरवं जन्माला येत नाही. हिरवा रंग, ज्याला तुमच्या पुस्तकात हरितद्रव्य म्हणतात, तो प्रत्येक पान स्वतः रांधतं. सगळी चिराचिरी, निवडणं, मळणं त्याला अंधारात करता येतं. शेवटचा चटका मात्र उजेडाच्या चुलीवरच द्यावा लागतो. उजेड नाही तर रंग नाही. डोंगरावरच्या पाइनची रोपं म्हणे अंधारातही हिरवी होतात. होत असतील. पाइनवाले पहिल्यापासून स्वतःला शहाणे समजतात. आम्हा खजुरांना चूल लागते.

आणि किती रांधायचं याचाही हिशेब असतो. सावलीत उजेड थोडा, म्हणून तिथलं पान रंग जास्त भरतं, काळपट हिरवं होतं, की येईल तो कवडसा वाया जाऊ नये. भर उन्हातलं पान हात आखडतं घेतं, फिकं राहतं. आणि पूर्ण काळोखात पान काय करतं, तर चिमूटभर कच्चा माल तयार ठेवतं आणि बाकीचं काम बंद करतं. चिमूटभरच. का, ते पुढे सांगतो. ते सांगताना माझा आवाज बदलला तर मनावर घेऊ नका.

तर आत पांढरी पानं येऊ लागली. ती उजेड शोधत लांबच लांब वाढायची. काळोख्या घरात कुणी हात पुढे करून भिंत चाचपडावी तशी एकमेकांना चाचपडायची. तुम्ही देवळात ज्या मऊपणाचं कौतुक करता तो या चाचपडण्याचा मऊपणा आहे. आणि ती बोलायची. हिरवं पान कधी बोलत नाही, त्याला काम असतं. ही रिकामी होती. सगळी एकदम, एकाच बारीक आवाजात विचारायची, "बाहेर काय आहे?"

मी सांगायचो, "उजेड आहे."

"उजेड म्हणजे काय?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. तुम्ही देऊन पाहा.

एकदा एका चिमणीने घरट्यासाठी कुंचीतली काडी उपसली आणि बारीक भोक पडलं. त्यातून उन्हाची एक टिकली आत येऊन एका पांढऱ्या पानावर बसली. ते पान आधी ओरडलं. मग गप्प झालं. आणि टिकली बसली होती तेवढाच तुकडा हळूहळू पिवळसर, मग पोपटी, मग हिरवा झाला. त्या पानाशी मी पुष्कळ बोलून पाहिलं. ते पुन्हा काही बोललं नाही. बाकीची पानं त्याच्यापासून सरकून लांब झाली.

हिवाळा सरता सरता केलोने कुंची उतरवली आणि पांढऱ्या झावळ्या गाभ्याजवळून कापून खाली सोडल्या. रेमेईने त्या ओल्या सावलीत ठेवल्या. हिरव्या डागाची निघाली ती तिने बघितली, म्हणाली, "हिला कुणीतरी बोट लावलंय," आणि शेळीला टाकली. उरलेल्यांच्या पट्ट्या ओढून तिने असं विणकाम केलं, फुलं, पाकळ्या, कुरळ्या बटा, की देवळाच्या दारात लोक पाद्रीबाबाला सोडून माझ्या झावळीकडे बघत राहिले. त्या वर्षी गावात माझ्याइतकी पांढरी, माझ्याइतकी लांब झावळी कुणाचीच नव्हती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई केलो मारायचा, आठवडाभर, ऐकणारे उठून गेले तरी.

आशीर्वाद दिलेली झावळी आमच्याकडे फेकत नाहीत. वीज पडू नये, दृष्ट लागू नये म्हणून वर्षभर सज्ज्याच्या कठड्याला बांधून ठेवतात. रस्त्यापलीकडच्या घराने माझीच एक घेतली होती. मी मान वळवू शकत नाही, त्यामुळे वर्षभर ती समोर होती. कठड्याला बांधलेली, पांढरी, वाळत चाललेली. वारा आला की ती हलायची आणि मला वाटायचं, ती अजून तेच विचारतेय.

बांधलेल्या झाडाला पुढे चार उन्हाळे तरी सोडायचं, हा आमच्या बागांतला रिवाज. कारण पांढरी पानं अन्न करत नाहीत, खातात. ती वाढतात ती खोडात साठवलेल्या शिदोरीवर. कापणीनंतर झाडाच्या डोक्यावर चार जुन्या झावळ्या उरतात, त्यांच्या जिवावर त्याने पुन्हा भरून यायचं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी बांधलं तर शिदोरी संपते आणि गाभा मरतो. खजुराला गाभा एकच. फांद्या नाहीत, दुसरा डोळा नाही. तो गेला की उरतो खांब. आणि दुसरा रिवाज असा, की ज्याच्या बांधण्याने झाड मेलं त्याने पुन्हा कुणाच्याही झाडावर चढायचं नाही. कुणी हुकूम काढत नाही, दंड नाही. फक्त कुणी बोलावत नाही. आपल्याच बागेत चढला तर शेजारी घरात निघून जातात.

माझी पाळी झाली होती. पुढच्या वर्षी जुळ्याची होती.

त्या वसंतात रेमेईला मुलीच्या बाळंतपणासाठी क्रेविलेंत गावी जावं लागलं. जाण्याआधी तिने बाजारातून दोरीच्या तळाचे कापडी जोडे आणले आणि भावासमोर ठेवले.

"हे काय?"

"जोडे. पायाला भेगा पडून रक्त येतंय तुझ्या. फरशीवर ठसे उमटतात, मला पुसावे लागतात."

"मी जोडे घालून चढलो तर झाडं हसतील मला."

"हसू देत. आत्ता मी रडतेय ते दिसत नाही तुला, झाडांचं हसू कुठून दिसणार?"

हे ती चेष्टेत म्हणाली. पण केलोला खरंच दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दुधासारखा साकळला होता. त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. बाग पाठ, वाट पाठ, झाडं पायाला पाठ. वाद टाळण्यासाठी त्याने जोडे घातले, आणि रेमेईची गाडी गेली तरी ते घालूनच राहिला. बहिणीचा शब्द त्याने त्या एकाच वेळी पाळला, आणि नेमका तेव्हा.

बांधणीच्या दिवशी तो पाटाशी आला. अलीकडचा की पलीकडचा, हे त्याने कधी डोळ्यांनी ठरवलंच नव्हतं. पाटावरच्या फळ्या त्याच आठवड्यात पाटकऱ्याने उचलून अलीकडच्याच एका बारीक चारीवर टाकल्या होत्या; त्या पायाखाली वाजल्या तेव्हा केलोला वाटलं, पाट ओलांडला. केलोने हात पुढे केला, हाताला खोड लागलं, त्याने दोर फिरवला आणि चढू लागला.

माझ्या कमरेपाशी त्याचा पाय आला तेव्हा मी मनातल्या मनात ओरडलो. दोरीचा तळ त्यावरून सपाट निघून गेला.

वर येऊन त्याने झावळ्या चाचपल्या. "या वर्षी फारच थोड्या," तो पुटपुटला. "वाऱ्याने मोडल्या असणार." आणि त्याने माझा उरलासुरला हिरवा संसार वर ओढून आवळला. उन्हाळ्यात कुंची आली. "झोप आता," तो म्हणाला.

मित्रांनो, दुसऱ्या वेळचा काळोख पहिल्यासारखा नव्हता. पहिल्या वेळी मला भूक लागायची. या वेळी काही दिवसांनी ती लागेनाशी झाली. बरं वाटायला लागलं, आणि तेच भयंकर होतं. पांढरी पानं आली, थोडी, दोऱ्यासारखी बारीक. त्यांना उजेडाचं कुतूहल नव्हतं. ती म्हणायची, "बाहेर काही नाहीच. तू आम्हाला गोष्टी सांगतोस." मी सांगत राहिलो, समुद्राकडून येणारी सकाळ, डाळिंबाची फुलं, बातिस्तच्या बिया. ती हसायची. मग एकेक पान मधेच बोलायचं थांबू लागलं. थांबलेल्या पानाला बाकीची हाका मारायची नाहीत. जरा सरकून जागा घ्यायची. शेवटी मलाही आठवेना, सकाळ मी पाहिली होती की रचली होती.

बाहेर बातिस्तला काहीतरी ऐकू आलं. एका दुपारी तो भिंतीवरून उतरून माझ्या खोडाला कान लावून उभा राहिला.

"केलो, तुझ्या झाडात कुणीतरी कुजबुजतंय."

"तुझ्या कानातला मळ बोलतोय तो."

"बायकांसारखं. खूप जणी. देवळात मागच्या बाकावर बसतात तशा."

"मग जाऊन प्रार्थना कर त्यांच्यात. ऑलिव्ह कमी खा आणि वाइनही."

सगळ्या कॅफेत ही गोष्ट गेली आणि बातिस्तची महिनाभर टिंगल झाली. पाटापलीकडचा खजूर मोकळा आणि अलीकडचा पुन्हा बांधलेला, हे त्याला दिसत होतं. पण तो चिडला होता. कुणाच्या झाडात नाक खुपसायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं आणि भिंतीवर तोंड फिरवून बसू लागला.

शरदात रेमेई परत आली. डोक्यावरचं गाठोडं उतरवण्याआधीच तिची नजर पाटापलीकडे गेली. माझा जुळा झावळ्या पसरून मजेत डुलत होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं. गाठोडं खाली पडलं.

"केलो. हे कोणतं झाड बांधलंस तू?"

"पलीकडचं. त्याचीच पाळी."

"पलीकडचं मोकळं आहे."

"तुझे डोळे गेले की काय? बाळाला जागून जागून तारवटलीस."

"माझे नाही गेले," रेमेई म्हणाली आणि मग फार सावकाश म्हणाली, "केलो, माझ्या हाताची बोटं किती आहेत सांग."

"पाच. सगळ्यांना पाचच असतात. मूर्खासारखं काही विचारू नकोस."

तिने हात वर केलाच नव्हता.

भिंतीवरून बातिस्तला राहवलं नाही. "तीया रेमेई, त्याने एकाच नवऱ्याला लागोपाठ दोनदा मुंडावळ्या बांधल्यात. मी बोलणार होतो, पण मला ऐकू येतं ते वाइनमुळे, तर दिसतं तेही वाइनमुळेच असणार." आमच्याकडे मोठ्या बाईला आदराने तीया म्हणतात, शिव्या खाताना तर म्हणतातच.

केलो माझ्यापाशी आला. खाली बसला, जोडे काढले आणि दोर घेऊन चढू लागला. थोडाच चढला. माझ्या कमरेवर त्याचा उघडा तळवा टेकला, किंचित आत गेला, आणि तिथेच थांबला. मला त्याच्या टाचेतली नाडी लागत होती.

"हा तो नव्हे," तो म्हणाला. "रेमेई, मी याला मारलं."

"खाली ये."

"मी आत्ता कुंची फाडतो. आत्ता उजेड देतो याला." त्याने कोयता उपसला. सूर्य डोक्यावर होता, पांढराफटक, आमच्या शरदातही दुपार भाजून काढते.

"दुपारी उघडशील तर दुपारीच मरेल," रेमेई खालून ओरडली नाही, नुसती म्हणाली. "आईने एकदा भर दुपारी उघडलेलं आठवत नाही तुला? संध्याकाळपर्यंत झावळ्या उकडल्यासारख्या झाल्या होत्या."

इथे ते चिमूटभर कच्च्या मालाचं सांगतो. काळोखातल्या पानात जो अर्धा शिजलेला माल असतो, तो मंद उजेडात रंग बनतो. पण एकदम प्रखर ऊन आलं तर तो रंग न बनता विष बनतो आणि पानाला आतून जाळतो. म्हणून पान तो जास्त साठवत नाही. पण माझी पानं दमलेली होती, त्यांचा हिशेब सुटला होता. उजेडासाठी मी महिनोन् महिने तळमळलो होतो आणि त्या क्षणी तोच कोयत्याच्या टोकावर चमकत माझा जीव घ्यायला आला होता.

केलोचा हात बराच वेळ वरच राहिला. मग त्याने कोयता दोरात खोचला.

त्या दिवसापासून तो रोज सूर्य कलला की चढायचा, अनवाणी. पहिल्यांदा उत्तरेकडून कुंचीच्या दोन काड्या काढल्या. मग आणखी थोड्या. ढगाळ दिवस असला तर जास्त, कोरडं ऊन असलं तर काहीच नाही, उलट ओलं गोणपाट लावून यायचा. खाली रेमेई पाटाचं पाणी माझ्या मुळाशी वळवायची. शेजारच्या बागांतली माणसं कुंपणाशी उभी राहून बघायची आणि निघून जायची. झाड मेलं तर त्यांना काय करायचं ते ठाऊक होतं, केलोलाही ठाऊक होतं.

"तू वर काय बोलत बसतोस रे?" बातिस्तने विचारलं.

"मी नाही बोलत. ऐकतो."

"काय म्हणतायत?"

"तुझ्याबद्दल विचारतायत. बिया खाली थुंकणारा तो कोण म्हणे." मग थोड्या वेळाने केलो म्हणाला, "तुझं खरं होतं, बातिस्त. आत आहे कुणीतरी. पण कमी होत चाललेत."

खरंच कमी होत होते. पहिला फिका उजेड आत झिरपला तेव्हा पानं आक्रसली. "बंद कर," ती म्हणाली. "हे काय करतोयस आम्हाला?" दोन जळून तपकिरी झाली. बाकीची दिवसेंदिवस तशीच, पांढरी, मुकाट. रंग येईना. गाभ्याजवळचं सगळ्यात कोवळं एकच पान अजून बोलत होतं, आणि तेही फार बारीक.

शेवटची काडी निघाली त्या संध्याकाळी आभाळ भरलेलं होतं. केलो माझ्या डोक्याशी दोरावर रेलून बसला. मोकळ्या झालेल्या पानांवरून त्याने हात फिरवला. मऊ होती. मऊ म्हणजे पांढरी की नुसती कोवळी, हे हाताला कळत नाही. मग त्याने आयुष्यात कधी विचारलं नव्हतं ते बहिणीला विचारलं, भिंतीवरचा बातिस्त आणि कुंपणाशी उभी माणसं ऐकत असताना.

"रेमेई, मला दिसत नाही. रंग आला का ग?"

रेमेईने मान वर केली. मी पांढरा होतो. संध्याकाळच्या काळ्या आभाळाखाली मेणासारखा, कबरीवरच्या फुलासारखा पांढरा होतो, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"आला," ती म्हणाली.

"कसा आहे?"

"ओल्या बदामाच्या सालीसारखा. तुला हवा होता तसा."

बातिस्तने तोंडातली बी गिळली. कुंपणाशी कुणी हललं नाही.

केलो हळूहळू उतरला. शेवटच्या टप्प्यावर त्याचा पाय चुकला तर बातिस्तने भिंतीवरून उडी टाकून त्याला धरलं. "झाडावरून पडलास तर माझ्यावर पड," तो म्हणाला, "लसूणघास खराब होतो." केलो त्या रात्री पोटभर जेवला आणि झोपला, असं म्हणतात. मला ते दिसलं नाही.

पहाटे रेमेई एकटी आली. सज्ज्यासज्ज्यांवर वाळलेल्या झावळ्या टांगलेल्या, रस्ता रिकामा. तिने मला हात लावला. प्रार्थना केली नाही की गयावया केली नाही. फक्त म्हणाली, "मी बोलून बसलेय."

समुद्राच्या बाजूने उजाडलं. ऊन अजून तिरपं आणि गार होतं. ते पानापानावर चढत आलं आणि मी माझ्या खोडातली उरलेली सगळी शिदोरी, अगदी तळाला खरवडून, वर लोटली. तुम्ही म्हणाल, झाड असं ठरवून काही करत नाही. म्हणा. पानांनी चुली पेटवल्या. आधी कडांना पिवळसर झाक आली, मग शिरांवर पोपटी. आणि एकेक आवाज बंद होत गेला. सगळ्यात कोवळ्या पानाने तेवढं विचारलं, "हाच का तो?"

"हो," मी म्हणालो.

त्याला पुढे काहीतरी बोलायचं होतं. पण तोवर ते हिरवं झालं होतं.

मित्रांनो, आज मी डोकंभर झावळ्या घेऊन उभा आहे आणि त्यातलं एकही पान माझ्याशी बोलत नाही. ही शांतता मला कधी कधी भिववते, पण तीच जगण्याची आहे. माझं तुमच्याकडे मागणं एवढंच. कुणाला झाकायचं असेल, तर आधी नीट बघा की त्याची पाळी नुकतीच तर झाली नाही ना. आणि कुणाला काळोखातून काढायचं असेल, तर दार एकदम उघडू नका. फट करा. थांबा. मग आणखी थोडी.

रेमेई त्या सकाळी ऊन वर येईपर्यंत थांबली. मग घरी गेली आणि चुलीवर कॉफी ठेवली. केलोने विचारलं, "कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही," ती म्हणाली. "काल सांगितलं ते बरोबर आहे का, ते बघून आले."